गोळीआधी सासूबाईंना विचारा

प्रश्न

नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. आम्ही साताऱ्याला असतो. 'हुशार आहे, पण बसत नाही' हे बालवाडीपासून ऐकत आलेय. आता तीन गणितांना अडीच तास लागतात. जूनपासून पाण्याच्या ५ बाटल्या हरवल्या. वर्गात उत्तर येत असतं, पण बाईंचा प्रश्न संपायच्या आत ओरडतो आणि वहीत तेच उत्तर अर्धवट सोडतो. मित्रांच्या वाढदिवसाची बोलावणी येणं बंद झालंय. मला त्याचं जास्त लागतं.

पुण्यात बालविकासतज्ज्ञांना दाखवलं. दोन भेटी झाल्या, एक फॉर्म आम्ही भरला, एक शाळेच्या बाईंकडून भरून आणला. निदान एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. पालकांसाठीची सत्रं केली, थोडा फरक पडला. आता त्यांनी मेथिलफेनिडेट ५ मिलिग्रॅम, सकाळी एक, अशी चिठ्ठी दिलीय. ती तीन आठवडे माझ्या पर्समध्ये आहे. मिस्टर म्हणतात, मीपण लहानपणी असाच होतो, काय वाईट झालं माझं? सासूबाई म्हणतात, पोराला गोळ्या घालून मंद करू नका, ब्राह्मी द्या. मोठे दीर ३४व्या वर्षी अचानक गेले, आमच्या लग्नाआधी. घरात त्यावर कोणी बोलत नाही, पण सासूबाई तेव्हापासून फार हळव्या झाल्यात आणि मुलगा दिसतोही त्यांच्यासारखाच, म्हणून मी वाद घालत नाही. न्यू जर्सीची बहीण म्हणते, तिच्या मुलाला अ‍ॅडरॉलने खूप फरक पडला, दिवाळीत येताना घेऊन येते. केमिस्टला चिठ्ठी दाखवली तर त्याने आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "असलं आम्ही ठेवत नाही." तेव्हापासून मला त्या गोळीचीच धास्ती बसलीय. सवय लागेल का? उंची खुंटेल का? तो मधूनमधून डोळे मिचकावतो, ते वाढेल का? परवा झोपताना त्याने विचारलं, "आई, मी वेडा आहे का?" मला उत्तर सुचलं नाही.

— एक आई, सातारा

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मोठे दीर ३४व्या वर्षी अचानक गेले. सासूबाईंचा स्वभाव मला कळावा म्हणून तुम्ही ते लिहिलंत. मी मात्र तिथेच थांबले.

कसे गेले ते? अपघातात गेले असतील तर हा मुद्दा इथेच संपला. पण झोपेत, खेळताना, जिना चढताना गेले असतील, 'अ‍ॅटॅक आला' एवढंच सगळ्यांना माहीत असेल, तर ही गोष्ट पुण्याच्या डॉक्टरांच्या कानावर गोळी सुरू होण्याआधी जायला हवी. मेथिलफेनिडेटने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब थोडे वाढतात. निरोगी हृदयाला त्याचा सहसा काही त्रास नसतो. पण काही घराण्यांत हृदयाच्या स्नायूचा किंवा ठोक्यांच्या लयीचा दोष पिढीतून पिढीत उतरतो आणि तो बाहेरून कळत नाही. मूल धावतं, खेळतं, झाडावर चढतं, सगळं ठीक दिसतं. म्हणूनच हे औषध देणारा डॉक्टर आधी घराण्याची चौकशी करतो. तुमच्या डॉक्टरांनीही विचारलं असेल, "घरात कोणाला हृदयाचा त्रास?" आणि तुम्ही डोळ्यांपुढे माहेर आणून 'नाही' म्हणाला असाल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक आया हेच करतात. सासरचा इतिहास, त्यातही न बोलला जाणारा, त्या प्रश्नाच्या कक्षेतच येत नाही.

तेव्हा सासूबाईंना विचारा. परवानगीचं नंतर बघू, आधी माहिती घ्या. दीर जाण्याआधी कधी चक्कर येऊन पडले होते का? पळताना धाप, छातीत धडधड? त्या घरात आणखी कोणी चाळिशीच्या आत असं गेलंय का? मुलालाही विचारा, पळताना कधी डोळ्यांपुढे अंधारी येते का, छातीत दुखतं का. मग डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा. ते इसीजी काढायला सांगतील, गरज वाटली तर हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवतील. आठवडाभर जाईल. चिठ्ठी पर्समध्ये तीन आठवडे होतीच, आणखी एक राहू दे.

हे झालं आणि हिरवा कंदील मिळाला असं धरून पुढचं लिहिते.

तुम्हाला त्या चिठ्ठीचं एवढं ओझं झालंय कारण ती तुम्हाला जन्माचा निर्णय वाटतेय. तसं नाही. मेथिलफेनिडेटशी तुम्हाला आत्ता फक्त कांदेपोह्यांचा कार्यक्रम करायचाय. साधी, लवकर विरघळणारी गोळी अर्ध्यापाऊण तासात लागू होते आणि तीन-चार तासांत तिचा अंमल उतरतो. संध्याकाळपर्यंत ती शरीरातून बरीचशी निघून गेलेली असते. नाही पटली, तर दुसऱ्या दिवशी देऊ नका, एवढंच. मुलांच्या औषधांत इतक्या लवकर 'हो' किंवा 'नाही' सांगणारं आणि इतक्या सहज थांबवता येणारं औषध फार कमी सापडतं. महिनाभर बघायचं, मोजायचं, मग ठरवायचं.

करते काय ही गोळी? तुम्ही सातारच्या एसटी स्टँडवर उभ्या आहात अशी कल्पना करा. पुणे, पुणे, पुणे ओरडणारा खाजगी गाडीवाला, शेंगा विकणारा, रडणारं मूल, मागे हॉर्न. त्यात लाउडस्पीकरवर तुमच्या गाडीची घोषणा होते आणि ती नेमकी ऐकू येत नाही. तुमचा मुलगा वर्गात रोज असा उभा असतो. बाईंचा आवाज त्याला येतो, पण पंख्याची करकर, खिडकीतला कावळा आणि शेजाऱ्याचं खोडरबर हेही तितक्याच जोरात येतं. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं निवडीचं काम करतात, काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं याची निवड. ती पेशींतून बाहेर आली की लगेच परत आत ओढली जातात. मेथिलफेनिडेट हे परत ओढणं काही तास अडवून धरतं. स्टँडवरचा गोंगाट तोच राहतो, लाउडस्पीकर तेवढा थोडा मोठा होतो.

हे औषध काल-परवाचं नाही. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने डोकेदुखीवर उपाय म्हणून ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण त्यातली बरीच मुलं अचानक अभ्यासाला बसायला लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असं नाव ठेवलं. मेथिलफेनिडेट त्यानंतरचं, १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने बनवलेलं. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची, तिला लाडाने रीटा म्हणत, म्हणून औषध झालं रिटालिन. नवऱ्याने बायकोच्या नावावर काय काय केलेलं ऐकतो आपण, हे त्यातल्या त्यात उपयोगी.

आता तुमच्या भीत्या. आधी सासूबाईंची घेते, कारण ती मला तुमच्यापेक्षा जास्त मोलाची वाटते. पोर मंद होईल. त्या सपशेल चूक नाहीत. डोस जास्त झाला की काही मुलं खरंच मिटून जातात. हसत नाहीत, भांडत नाहीत, खेळायला बोलावलं तर खिडकीपाशी उभी राहतात. अशा वेळी शाळेतून हमखास निरोप येतो, "वा, किती शहाणा झाला!" बाई खूश होतील. तुम्ही होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, डोस कमी होतो आणि मूल परत येतं. बरोबर डोस म्हणजे गणित अर्ध्या तासात होतं आणि त्यानंतर तो सोफ्यावरून उडी मारतोच. ही उडी गेली का, यावर नजर ठेवायला घरात सासूबाईंसारखा माणूस दुसरा नाही.

भूक मात्र जाईल, ते आत्ताच मनाशी धरा. शाळेतून डबा जसाच्या तसा परत येईल, पोळीची घडीसुद्धा मोडलेली नसेल. त्यावरून रोज संध्याकाळी महाभारत करू नका, त्याला खरंच भूक लागलेली नसते. गोळीच्या आधी भरपेट घाला. थालीपीठ-लोणी, अंडं, दुधातला शिरा, जे त्याला आवडतं ते, आणि ते पोटात गेल्यावरच गोळी. डब्यात थोडकंच आणि सुटसुटीत द्या, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की. शाळेतून येईपर्यंत अंमल उतरलेला असेल, तो घरात शिरल्या शिरल्या डबे उघडायला लागेल. त्या वेळी बिस्किटाचा पुडा हातात देऊन मोकळ्या होऊ नका, पहिलं जेवणच वाढा. आठला दुसरं. वजन पहिले काही महिने दर महिन्याला करा, नेहमी एकाच काट्यावर.

उंचीचं उत्तर सरळ देते. औषध नियमित घेणाऱ्या मुलांची वाढ पहिल्या एक-दोन वर्षांत किंचित मंदावते. मोठेपणी सरासरीने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक राहू शकतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ आणि तारीख, दर सहा महिन्यांनी. रेघा सरकत नाहीत असं दिसलं तर डॉक्टर डोस बदलतात किंवा सुटीत गोळी बंद ठेवतात.

झोप लागायला उशीर, डोकं किंवा पोट दुखणं, हे पहिल्या पंधरवड्यात होतं आणि बऱ्याच मुलांत आपोआप ओसरतं. अंमल उतरताना तास-दीड तास चिडचिड होते. त्या तासात गृहपाठ काढू नका. सायकल काढा.

डोळे मिचकावण्याबद्दल. पूर्वी अशा मुलांना हे औषध द्यायला डॉक्टर बिचकायचे. आता कळलंय की बहुतेक मुलांत ते यामुळे वाढत नाही. ते मुळात भरती-ओहोटीसारखं कमी-जास्त होत असतं आणि भरतीच्या वेळी गोळीवर आळ येतो. म्हणून गोळी सुरू करायच्या आधी आठवडाभर, रोज जेवताना दहा मिनिटं, किती वेळा मिचकावतो ते मोजून ठेवा. नंतर कोणी म्हटलं 'वाढलं', तर आकडा दाखवता येईल. आणि खरंच वाढलं असेल, तर दुसरी औषधं आहेत.

सवय. तोंडाने, ठरलेल्या डोसमध्ये औषध घेणाऱ्या मुलाला दारू-गांजासारखी तलफ येत नाही. ही मुलं मोठेपणी जास्त व्यसनी होतात असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट अशा मुलांच्या पालकांची रोजची तक्रार असते की तो गोळी घ्यायलाच विसरतो. धोका वेगळीकडे आहे. ही गोळी दुसऱ्याच्या हातात पडण्यात. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत माझ्याकडे बारावीच्या मुलांचे पालक येतात, मुलात काही दोष नसतो, आणि हळू आवाजात विचारतात, "ती अभ्यासाची गोळी मिळेल का, नीटच्या परीक्षेपुरती?" नाही मिळणार.

केमिस्टच्या त्या नजरेचं कारणही इथेच आहे. मेथिलफेनिडेट आपल्याकडे औषध कायद्याच्या शेड्यूल एक्समध्ये येतं आणि १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या यादीतही आहे. पाकिटावर लाल अक्षरांत एक्स-आर-एक्स छापलेलं असतं. दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक त्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. महिन्याला दोन गिऱ्हाइकांसाठी एवढा व्याप कोण करणार? त्याने तुम्हाला चोर ठरवलं नाही, त्याला रजिस्टर नको होतं. डॉक्टरांच्या क्लिनिकमध्येच विचारा, गोळी कुठे मिळते ते त्यांना पाठ असतं. जाण्याआधी फोन करा आणि पट्टी संपायच्या आठ दिवस आधी पुढची आणा.

महिनाभर मोजायचं म्हणजे काय, तर दहा रुपयांची वही. रोज चारच गोष्टी: गणिताला किती मिनिटं लागली, डबा किती खाल्ला, झोप कितीला लागली, आणि संध्याकाळी तो कसा होता याबद्दल एक शब्द. बाईंकडून आठवड्यातून एकदा दोन ओळी मागा, आणि जमलं तर गोळी कोणत्या आठवड्यापासून सुरू झाली ते त्यांना सांगू नका. त्यांना न सांगता फरक दिसला तर तो खरा. पहिली गोळी रविवारी सकाळी द्या, म्हणजे पहिला दिवस तुमच्या डोळ्यांसमोर जाईल. ५ मिलिग्रॅम हा उंबरठा आहे. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवलं नाही तर 'बघा, उपयोग नाही' म्हणून सोडून देऊ नका. आठवड्या-आठवड्याने डॉक्टर तो वाढवतात. साधारण दहातल्या सात मुलांना हे औषध लागू पडतं, पण कोणाला किती लागेल ते वजनावरून नेमकं सांगता येत नाही, चढत चढतच शोधावं लागतं.

या शोधण्याचं महत्त्व दाखवणारा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आहे. १९९९ साली छापला गेला, ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं, चार गट, १४ महिने. एका गटाला बारकाईने जुळवलेलं औषध, दुसऱ्याला वर्तनाचं प्रशिक्षण, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला त्यांच्या गावातले नेहमीचे उपचार. मूळ लक्षणांवर औषधाचा गट आणि दोन्हींचा गट सरस ठरले. मला त्यातला चौथा गट जास्त बोलका वाटतो. त्यातल्या दोनतृतीयांश मुलांनाही गोळ्या चालूच होत्या, तरी ती मागे पडली. फरक होता तो दरमहा भेटून, बाईंना विचारून, डोस जुळवण्याचा. आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला फरक मिटला होता. गोळी चालू असते तोवर दार उघडं ठेवते. त्या दारातून मुलाने काय काय आत नेलं, दप्तर भरायची सवय, मित्र, 'मला जमतं' ही भावना, ते गोळीनंतर उरतं. म्हणून पालकांच्या सत्रांत शिकलेलं गोळी आली म्हणून सोडू नका.

तुमच्या मुलाची शाळा साडेदहा ते पाच असेल तर सकाळची साधी गोळी मधल्या सुटीपर्यंतच पुरेल. दुपारची शाळेत कोण देणार, कोणासमोर देणार, हा प्रश्न येतो. डोस एकदा सापडला की डॉक्टरांकडे दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळीबद्दल विचारा. ती मोडायची, चावायची, कुटायची नसते, सगळं औषध एकदम सुटतं. त्यातल्या एका प्रकारचं कवच न विरघळता शौचातून तसंच बाहेर पडतं. "गोळी पचलीच नाही" म्हणून रात्री अकराला मला फोन केलेल्या आजोबांना मी अजून विसरलेले नाही.

इसीजीत काही निघालं, किंवा मेथिलफेनिडेट मानवलंच नाही, तर पुढे अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे. त्यालाही इसीजीचा कागद दाखवावाच लागेल, कारण तेही ठोके वाढवतं. हे उत्तेजक वर्गातलं नाही, चोवीस तास काम करतं, पण त्याला धीर लागतो. चार-सहा आठवडे काहीच हलत नाही, आणि नेमक्या त्या वेळात लोक कंटाळून सोडतात. ते रोज घ्यावं लागतं, रविवारची सुटी नाही. मळमळ, पेंग आणि भूक कमी होणं हे त्याचे नेहमीचे त्रास. दोन गोष्टी क्वचित होतात, पण माहीत असायलाच हव्यात. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर औषध थांबवून लगेच दाखवायचं. आणि चाचण्यांत हजारात चारेक मुलांच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार आले होते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत मूल अचानक गप्प किंवा उदास झालं तर वाट बघत बसायचं नाही. तिसरं क्लोनिडिन, मुळात रक्तदाबाचं. चंचलपणा, झोप आणि डोळे मिचकावणं यांवर बरं, लक्षावर तितकं नाही. ते मनाने एकदम कधीही बंद करायचं नाही, रक्तदाब उसळतो.

बहिणीचं अ‍ॅडरॉल तिच्या मुलाला लखलाभ. ते अ‍ॅम्फेटामीन आहे, अमेरिकेत सर्रास लिहून दिलं जातं, आपल्याकडे विक्रीला नाही. दुसऱ्याच्या नावाचं ते औषध बॅगेतून आणणं म्हणजे दिवाळीत विमानतळावर नसतं लचांड मागे लावून घेणं. शिवाय डोस कोण बघणार? तिला सांगा, चॉकलेटं आण. त्याची भूक संध्याकाळी येईलच.

ब्राह्मी. तेल डोक्याला लावायचं तर खुशाल लावा, आजीचा हात डोक्यावरून फिरतो तेवढाच. पोटात द्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून. तिच्यावर छोटे छोटे अभ्यास झालेत, पण या गोळीच्या जागी उभी राहील इतकं त्यांतून हाती आलेलं नाही. भस्म असलेलं काही देऊ नका. ब्राह्मीपेक्षा मला हे कळलं असतं तर बरं वाटलं असतं: तो रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का, हिमोग्लोबिन किती आहे, कान-डोळे तपासलेत का. अपुरी झोप आणि अशक्तपणा चंचलपणात भर घालतात. आणि गोळीने लक्ष लागूनही वाचताना अक्षरं अडली, तर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी करून घ्या. गोळी बसवते, वाचायला शिकवत नाही.

तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. 'मी पण असाच होतो' हा ते गोळीविरुद्धचा पुरावा म्हणून देतात, मला तो निदानाच्या बाजूचा वाटतो. एडीएचडी उंचीसारखाच घराण्यातून येतो. काय वाईट झालं, हे त्यांना एकदा शांतपणे विचारा, भांडणाच्या वेळी नको. चौथीत त्यांना वर्गाबाहेर किती उभं केलं, घरी किती मार बसला, कोणता अभ्यासक्रम अर्धवट राहिला. बऱ्याच बापांना माझ्या खोलीत बसून हे पहिल्यांदा आठवतं, आणि मग ते खिडकीबाहेर बघत बसतात.

राहिला त्याचा प्रश्न. मी वेडा आहे का? उत्तर न देता तुम्ही त्याला थोपटून झोपवलंत असेल, काही बिघडलं नाही. पण रविवारी गोळी हातात देताना त्याला काहीतरी सांगावं लागेल, आणि 'व्हिटॅमिनची आहे' हे सांगू नका. एक दिवस त्याला पाकीट वाचता येईल. सगळेच चष्म्याची उपमा देतात. मला ती अर्धीच पटते, चष्म्याने भूक जात नाही. मी मुलांना एसटी स्टँडचीच गोष्ट सांगते आणि विचारते, तुझ्या स्टँडवर कोण कोण ओरडतं? नऊ वर्षांची मुलं यावर फार मजेदार उत्तरं देतात. एकाने मला सांगितलं होतं, "एक माणूस सारखा म्हणतो, पेन खाली पाड, पेन खाली पाड." मग त्याला सांगते, ही गोळी तुला चांगला मुलगा करत नाही, तो तू आहेसच. हिच्याने तुझी गाडी कोणती ते तुला ऐकू येतं का, एवढं आपण महिनाभर बघणार आहोत. नाही आलं तर तू मला सांगायचंस. यातला शेवटचा भाग विसरू नका. त्याच्या वहीत पाचवा रकाना त्याचा स्वतःचा असू दे.

इसीजीला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या. ३४ वर्षांच्या मुलाचं काय झालं, हे डॉक्टरांनी त्यांना विचारावं आणि त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं. इतक्या वर्षांत ते त्यांना कोणी विचारलेलं नसेल.

ता. क. गोळ्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा, कुलपात ठेवाव्या लागतील. सासूबाईंच्या गोदरेजच्या कपाटात ठेवा. किल्ली त्यांच्याकडेच राहू दे. रोज सकाळी नाश्ता झालेला बघून गोळी त्या काढून देतील.